अळवावरचे पाणी आणि दिल्लीची धूळ : फ्लुओरोपॉलिमर व अब्जांश कणांच्या संमिश्र लेपांची ओळख

नवी दिल्ली : मे-जूनमध्ये 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जाणारे तापमान, राजस्थानच्या दिशेने येणारी बारीक धूळ, पावसाळ्यातील दमट हवा आणि डिसेंबर-जानेवारीत धुरात मिसळलेले दाट धुके, हे चक्र राजधानी क्षेत्रात दरवर्षी फिरते. उघड्यावरच्या प्रत्येक रंगाची, काचेची, धातूची आणि दगडाची त्यात परीक्षा होते. गुरुग्राममधील उंच इमारतींचे ॲल्युमिनियमचे पत्रे, छतांवरील सौरपट्टे, उच्चदाब वीजवाहिन्यांचे इन्सुलेटर आणि लाल किल्ल्याच्या वाळूच्या दगडाच्या भिंती या सर्वांपुढील प्रश्न एकच आहे : हवा, पाणी आणि काजळी यांच्यापासून पृष्ठभागाचे रक्षण कसे करायचे?

या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक म्हणजे फ्लुओरोपॉलिमर आणि अजैविक अब्जांश कण यांचे संमिश्र लेप. पाणी न धरणारे, रसायनांना दाद न देणारे आणि उन्हात न फिकटणारे असे त्यांचे वर्णन केले जाते. हे वर्णन बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र ज्या रासायनिक गुणामुळे हे लेप टिकतात, त्याच गुणामुळे त्यांच्याशी संबंधित काही रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत. त्यामुळे या लेपांची उपयुक्तता आणि त्यांची किंमत या दोन्ही बाजू एकत्रच समजून घ्याव्या लागतात.

अपघाताने लागलेला शोध

अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट शीतकरणासाठीच्या वायूंवर काम करत होते. 6 एप्रिल 1938 रोजी टेट्राफ्लुओरोइथिलीन वायूने भरलेल्या एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना. वजन मात्र पूर्वीइतकेच भरत होते. नळकांडे कापल्यावर आत पांढरी, मेणासारखी भुकटी आढळली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. हाच पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, म्हणजे संक्षेपाने पीटीएफई. पुढे तो टेफ्लॉन या व्यापारी नावाने घरोघरी पोहोचला.

या पदार्थाच्या गुणांचे मूळ कार्बन आणि फ्लुओरिन यांच्या बंधात आहे. हा बंध तोडण्यासाठी प्रतिमोल सुमारे 485 किलोज्यूल ऊर्जा लागते. सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट एकेरी बंधांमध्ये त्याची गणना होते. कार्बनच्या साखळीभोवती फ्लुओरिनच्या अणूंचे दाट कवच असल्याने आम्ल, अल्कली किंवा द्रावक यांना आत शिरकाव करता येत नाही. पीटीएफई सुमारे 327 अंशांना वितळतो आणि 260 अंशांपर्यंत सतत वापरता येतो.

त्याचा दुसरा गुण म्हणजे अत्यल्प पृष्ठऊर्जा. एखाद्या पृष्ठभागाला दुसऱ्या पदार्थाविषयी वाटणारी ‘ओढ’ म्हणजे ही ऊर्जा, असे सोप्या भाषेत म्हणता येईल. पीटीएफईच्या बाबतीत ही ओढ इतकी कमी असते की पाणी त्यावर पसरण्याऐवजी थेंब होऊन राहते. तेलालाही त्यावर पूर्णपणे पसरता येत नाही.

याच कुळातील पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, इमारतींच्या बाह्यरंगासाठी 1960च्या दशकापासून वापरला जातो. जपानमध्ये 1980च्या दशकाच्या प्रारंभी विकसित झालेले एफईव्हीई हे रेझिन साध्या तापमानालाही घट्ट होते. त्यामुळे भट्टीत नेता न येणारे पूल आणि टाक्या जागेवरच रंगवणे शक्य झाले.

मग अब्जांश कण कशासाठी?

शुद्ध फ्लुओरोपॉलिमरमध्ये उणिवाही आहेत. पीटीएफई मऊ असतो. त्याचे रेणू पत्त्यांच्या पानांसारखे एकमेकांवरून घसरतात. म्हणून तो गुळगुळीत लागतो आणि म्हणूनच घर्षणाने लवकर झिजतो. त्याला काही चिकटत नाही, तसा तोही कशाला सहजासहजी चिकटत नाही. शिवाय तो महाग आहे. या उणिवा भरून काढण्यासाठी सिलिका, ॲल्युमिना, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, झिर्कोनिया अशा अजैविक पदार्थांचे अतिसूक्ष्म कण त्यात मिसळले जातात.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे 80 हजार नॅनोमीटर असते, तर लेपातील कण बहुधा 10 ते 100 नॅनोमीटरचे असतात. आकार घटला की पृष्ठफळ झपाट्याने वाढते. 10 नॅनोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम सिलिका कणांचे एकूण पृष्ठफळ सुमारे 270 चौरस मीटर भरते. इतक्या प्रचंड क्षेत्रावर कण आणि पॉलिमर एकमेकांना भिडत असल्यामुळे थोड्याशा भरणीनेही लेपाचे गुण पालटतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण घर्षणशास्त्रात सापडते. पीटीएफईमध्ये ॲल्युमिनाचे काही टक्के अब्जांश कण मिसळले असता झीज हजार पटींहून अधिक घटल्याचे अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. पॉलिमरचे मोठे पापुद्रे सुटण्यास हे कण अटकाव करतात आणि समोरच्या धातूवर पॉलिमरचा पातळ, घट्ट बसणारा थर तयार होण्यास मदत करतात. वंगण घालणे शक्य नसलेल्या बेअरिंग, झडपा आणि सरकत्या भागांसाठी हा गुण मोलाचा ठरतो.

प्रत्येक कणाचे काम वेगळे असते. सिलिका कठीणपणा आणि खडबडीतपणा देते. ॲल्युमिना झीज कमी करते आणि उष्णता वाहून नेते. झिंक ऑक्साइड अतिनील किरणे शोषून घेते. टायटॅनियम डायऑक्साइडची कथा जरा गुंतागुंतीची आहे. अतिनील प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावर अत्यंत क्रियाशील मूलके तयार होतात आणि ती सेंद्रिय मळाचे विघटन करतात. पाण्याचे प्रकाशाच्या साहाय्याने विघटन करण्याचा त्याचा गुण जपानचे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी 1972 मध्ये मांडला होता. परंतु मळ खाणारी ही मूलके साध्या ॲक्रिलिक रंगाचा बांधकही खातात आणि रंगाची भुकटी होऊ लागते. फ्लुओरोपॉलिमर मात्र या हल्ल्यापुढे बराच काळ तग धरतो. म्हणूनच प्रकाशात स्वच्छ होणाऱ्या लेपांसाठी या दोघांची जोडी विचारात घेतली जाते.

अळवाच्या पानाचे गणित

‘अळवावरचे पाणी’ हा मराठीतील वाक्प्रचार क्षणभंगुरतेसाठी वापरला जातो. अळवाच्या पानावर पाणी टिकत का नाही, याचे उत्तर याच लेपांच्या रचनेत दडलेले आहे.

पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो त्यास संपर्ककोन म्हणतात. स्वच्छ काचेवर तो अगदी लहान असतो. गुळगुळीत पीटीएफईवर तो सुमारे 110 अंश असतो. केवळ रसायन बदलून हा कोन यापलीकडे फारसा वाढवता येत नाही. अळू आणि कमळ यांच्या पानांवर तो 150 अंशांच्या पुढे जातो, कारण तेथे मेणाच्या जोडीला सूक्ष्म उंचवटे असतात. थेंब या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि मधल्या फटींत हवा अडकून राहते. पानाला पाण्याचा स्पर्श जेमतेम होतो. थेंब गोटीसारखा घरंगळतो आणि जाताना धुळीचे कण सोबत नेतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहाउस यांनी 1997 मध्ये या गुणाचे सविस्तर विवेचन केले आणि त्याला ‘कमळ परिणाम’ हे नाव रूढ झाले.

संमिश्र लेपात फ्लुओरोपॉलिमर मेणाचे काम करतो आणि सिलिकाचे कण उंचवट्यांचे. या दोहोंच्या संगतीने कृत्रिम अळवाचे पान तयार होते.

खऱ्या पानात आणि या लेपात एक मूलभूत फरक मात्र उरतो. अळवाचे पान जिवंत असते. झिजलेले मेण ते पुन्हा तयार करते. लेपाला ते साधत नाही. वाऱ्याबरोबर येणारी धूळ घासली गेली की सूक्ष्म उंचवटे बोथट होतात आणि ‘अतिजलविरोधी’ पृष्ठभाग काही महिन्यांत साधा जलविरोधी होऊन बसतो. प्रयोगशाळेतील 150 अंशांचा आकडा ऐकून हुरळून जाण्यापूर्वी तो किती काळ टिकतो, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

लेप बनतो कसा?

निर्मितीतील मुख्य अडचण कणांच्या गुठळ्यांची असते. पीठ एकदम पाण्यात टाकल्यावर जसे गोळे होतात, तसेच अब्जांश कण पॉलिमरमध्ये एकत्र येऊन मोठाले पुंजके बनवतात. असे झाले की अब्जांश आकाराचा लाभच संपतो. उलट त्या पुंजक्यांपाशी लेपाला तडे जातात. ते टाळण्यासाठी कणांवर सिलेन वर्गातील रसायनांचे अस्तर चढवले जाते आणि ध्वनिलहरींच्या किंवा यांत्रिक घुसळणीच्या साहाय्याने ते समान पसरवले जातात.

त्यानंतर लेप फवाऱ्याने, बुडवून किंवा भुकटीच्या रूपात विद्युतभाराच्या साहाय्याने चढवला जातो. पीटीएफईचा लेप वितळणबिंदूच्या वर, म्हणजे 370 ते 400 अंशांच्या आसपास भाजावा लागतो. पीव्हीडीएफसाठी साधारण 230 ते 250 अंश पुरतात. धातूला लेप धरावा म्हणून आधी पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने खरवडून त्यावर चिकटणारा पायाथर दिला जातो. लेप सोलवटण्यामागे पुष्कळदा या पूर्वतयारीतील हलगर्जीपणाच कारणीभूत असतो.

कणांचे प्रमाणही नेमके लागते. ते कमी पडले तर परिणाम दिसत नाही. जास्त झाले तर सर्व कणांना वेढण्याइतका पॉलिमर उरत नाही, लेप सच्छिद्र होतो आणि ओलावा थेट धातूपर्यंत पोहोचतो. गंजापासून रक्षण करण्यासाठी दिलेला लेपच मग गंजाला वाट करून देतो.

इमारती, वीज आणि सूर्यप्रकाश

राजधानी क्षेत्रात या कुळातील लेपांचा सर्वाधिक दृश्य वापर इमारतींच्या दर्शनी भागांवर आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरील दर्जेदार रंगात सुमारे 70 टक्के बांधक पीव्हीडीएफ असतो आणि रंगासाठी अजैविक रंगद्रव्ये वापरली जातात. अमेरिकेतील एएएमए 2605 या मानकानुसार असा रंग दक्षिण फ्लोरिडातील उन्हात दहा वर्षे ठेवून तपासला जातो. हे मानक जगभर प्रमाण मानले जाते. परंतु फ्लोरिडाची हवा दमट आणि तुलनेने स्वच्छ असते. दिल्लीत उन्हासोबत धूळ, काजळी आणि गंधकयुक्त धूरही असतो. तेथे उत्तीर्ण झालेला लेप येथेही तितकाच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

सौरऊर्जेच्या क्षेत्रात प्रश्न थेट उत्पन्नाचा आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर यांच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही आठवडे मळलेले सौरपट्टे धुतल्यावर त्यांची कार्यक्षमता सुमारे 50 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. भारत, चीन आणि अरबी द्वीपकल्पात हवेतील आणि पट्ट्यांवर साचलेल्या कणांमुळे सौरवीज निर्मिती 17 ते 25 टक्क्यांनी घटते, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता. पट्ट्यांच्या काचेवर देण्यासाठी धूळ न धरणारे लेप विकसित करण्याचे काम आयआयटी जोधपूर आणि हैदराबाद येथील एआरसीआय या संस्थांनी केले आहे.

येथे कणाची निवड प्रकाशाच्या हिशेबाने करावी लागते. फ्लुओरोपॉलिमर आणि सिलिका यांचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी असल्याने त्यांचा पातळ लेप परावर्तन घटवतो आणि अधिक प्रकाश आत जातो. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक फार जास्त असल्याने त्याचे प्रमाण वाढले की उलटा परिणाम होतो. आणखी एक मर्यादा हवामानाची आहे. थेंब घरंगळून धूळ नेण्यासाठी मुळात पाऊस पडावा लागतो. दिल्लीतील पावसाचा मोठा भाग जूनअखेर ते सप्टेंबर या काळात पडतो. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत पहाटेचे दव धुळीत मिसळते आणि सुकल्यावर तिचे पापुद्रे घट्ट बसतात. स्वतः स्वच्छ होणारा पट्टा हे वर्णन म्हणूनच अतिशयोक्त ठरते. कमी पाण्यात स्वच्छ होणारा पट्टा हे अधिक प्रामाणिक वर्णन आहे. जेथे पाणी टँकरने येते तेथे तोही लाभ लहान नाही.

वीज पारेषणात हाच प्रश्न सुरक्षेचा होतो. हिवाळ्यात इन्सुलेटरवर साचलेली धूळ धुक्याने भिजते, तिच्यातील क्षार विरघळतात आणि पृष्ठभागावरून वीज वाहू लागते. गळती वाढत जाऊन अखेर ठिणगी उडते आणि वाहिनी बंद पडते. उत्तर भारतात अशा घटना वारंवार घडल्यानंतर प्रदूषित पट्ट्यांतील चिनी मातीच्या इन्सुलेटरऐवजी पॉलिमरचे संमिश्र इन्सुलेटर बसवण्यात आले. या कामात आजवर सिलिकॉन रबर अधिक खात्रीचे ठरले आहे. त्यातही ॲल्युमिना ट्रायहायड्रेटचे अजैविक कण मिसळलेले असतात. पण सिलिकॉनचे हलके रेणू मळाच्या थरातून वर येऊन त्या मळालाही जलविरोधी बनवतात. फ्लुओरोपॉलिमरला हे जमत नाही. सर्वांत टिकाऊ रसायन प्रत्येक जागी सर्वोत्तम ठरतेच असे नाही, याचा हा धडा आहे.

लाल किल्ल्याची काळी पुटे

शाहजहानने 1639 ते 1648 या काळात बांधवलेल्या लाल किल्ल्याच्या भिंतींवर वायुप्रदूषणामुळे काळी पुटे चढत असल्याचे भारत आणि इटलीतील संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून समोर आले. या पुटांची जाडी 55 ते 500 मायक्रोमीटर आढळली आणि त्यांत जिप्समसह शिसे, जस्त, तांबे, क्रोमियम यांसारखे धातू सापडले. जाड पुटे दगडाला घट्ट धरतात आणि सुटताना दगडाचा पृष्ठभागही सोबत नेतात. नक्षीकामाच्या बाबतीत ही हानी भरून निघणारी नसते.

अशा वेळी दगडावर पारदर्शक जलविरोधी लेप द्यावा, ही कल्पना स्वाभाविकपणे पुढे येते. इटलीमध्ये दगडी वास्तूंच्या संरक्षणासाठी फ्लुओरिनयुक्त पॉलिमर वापरण्याचे प्रयोग काही दशकांपासून झाले आहेत आणि सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे अब्जांश कण मिसळून ते सुधारण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

मात्र जुन्या दगडाची गरज नव्या ॲल्युमिनियमपेक्षा वेगळी असते. दगड सच्छिद्र असतो. पायातून आणि सांध्यांतून ओलावा त्यात चढतो व पृष्ठभागावरून बाष्परूपाने बाहेर पडतो. ही वाट बंद झाली तर क्षार आतच स्फटिक बनून दगड फोडतात. त्यामुळे स्मारकावरील लेप पाणी अडवणारा, परंतु वाफ सोडणारा असावा लागतो. त्याने दगडाचा रंग किंवा चमक बदलता कामा नये. शिवाय आज केलेला उपचार उद्या काढता यावा, हे जतनशास्त्राचे जुने तत्त्व आहे. आणि जो लेप कोणत्याही द्रावकात सहज विरघळत नाही, तो काढायचा कसा, हा प्रश्न येथे सर्वांत अवघड ठरतो. प्रदूषण कमी करणे, पुटे पातळ असतानाच साफ करणे आणि लेप दिलाच तर आधी लहानशा नमुन्यावर काही ऋतू पाहणे, हा क्रम म्हणूनच सयुक्तिक ठरतो.

उद्योगाचे केंद्र राजधानी क्षेत्रात

या पदार्थांशी राजधानी क्षेत्राचे नाते केवळ वापरापुरते नाही. पीटीएफई आणि इतर फ्लुओरोपॉलिमर बनवणाऱ्या गुजरात फ्लुओरोकेमिकल्सचे कॉर्पोरेट कार्यालय नोएडात आहे, तर एसआरएफ या कंपनीचे मुख्यालय गुरुग्राममध्ये आहे. दोन्ही कंपन्यांचे मोठे उत्पादन गुजरातमधील दहेज येथे होते.

देशातील या उद्योगाच्या प्रारंभाचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचतो. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे त्या काळी कारखाना असलेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सार्वजनिक कंपनीची उपकंपनी म्हणून 1983 मध्ये हिंदुस्थान फ्लुओरोकार्बन्सची स्थापना झाली. तेलंगणातील रुद्रारम येथे तिने पीटीएफईचे उत्पादन केले. सततच्या तोट्यामुळे ती बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2020 मध्ये मंजुरी दिली.

उत्पादनाची साखळी फ्लुओरस्पार या खनिजापासून सुरू होते. त्यापासून हायड्रोजन फ्लुओराइड, पुढे एचसीएफसी-22 हा वायू आणि त्याला तापवून टेट्राफ्लुओरोइथिलीन मिळवले जाते. एचसीएफसी-22 बनवताना एचएफसी-23 हा उपवायू निघतो; त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 12 हजार पटींहून अधिक आहे. हा वायू उत्पादकांनी स्वखर्चाने नष्ट करावा, असा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर 2016 मध्ये दिला.

न मिटणाऱ्या रसायनांचा प्रश्न

फ्लुओरोपॉलिमरची लांब साखळी शरीरात शोषली जात नाही आणि ती बहुतांशी निष्क्रिय राहते. चिंता आहे ती त्याच्या निर्मितीत वापरल्या गेलेल्या लहान रेणूंची. पीएफओए हे त्यातील सर्वांत परिचित नाव. ते पाण्यात मिसळते, रक्तात साठते आणि निसर्गात विघटित होत नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यामुळे दूषित झालेल्या पाण्याच्या सुमारे साडेतीन हजार दाव्यांत 2017 मध्ये 67 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड झाली. पीएफओए 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत समाविष्ट झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये त्याला मानवी कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले. युरोपातील पाच देशांनी फेब्रुवारी 2023 मध्ये या संपूर्ण वर्गावर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला असून फ्लुओरोपॉलिमरही त्याच्या कक्षेत येतात.

हा प्रश्न कोकणालाही अपरिचित राहिलेला नाही. इटलीच्या व्हिचेन्झा प्रांतातील त्रिस्सिनो येथील मितेनी ही कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या परिसरातील सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात या वर्गातील रसायने पोहोचली होती. जून 2025 मध्ये तेथील न्यायालयाने 11 माजी अधिकाऱ्यांना एकत्रित 141 वर्षांची शिक्षा सुनावली. दिवाळखोरीनंतर या कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली.

यंत्रसामग्री आली म्हणजे प्रदूषणही आले, असा निष्कर्ष काढता येत नाही. लोटे येथील प्रकल्प औषधे आणि कृषिरसायनांसाठीच्या फ्लुओरिनयुक्त घटकांचा आहे आणि त्याचा लेपांशी थेट संबंध नाही. परंतु फ्लुओरिन रसायनांचा उद्योग ज्या ज्या गावात उभा राहतो, तेथील विहिरी, नाले आणि खाडी यांच्या पाण्याची या विशिष्ट रसायनांसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष लोकांना कळावेत, हा इटलीच्या अनुभवाचा अर्थ आहे. तेथे प्रदूषण उघड होईपर्यंत अनेक दशके लोटली होती.

अब्जांश कणांबाबतचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. लेपात घट्ट बसलेले कण सहसा सुटत नाहीत. पण फवारणी करताना आणि जुना लेप घासून काढताना ते श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात. त्यामुळे मुखपट्टी, वायुवीजन आणि बंदिस्त फवारणी कक्ष या गोष्टी कामगाराच्या हक्काच्या मानल्या पाहिजेत.

स्वयंपाकघरात काय पाहावे?

बहुतेक वाचकांचा या लेपांशी रोजचा संबंध नॉनस्टिक तव्यातून येतो. त्यातील अनेक लेप म्हणजे सिरॅमिक कणांनी बळकट केलेला पीटीएफईच असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत अशी भांडी 170 अंशांपेक्षा अधिक तापवू नयेत आणि लेप झिजल्यास ती टाकून द्यावीत, असे सांगितले आहे. पीटीएफईच्या 260 अंशांच्या मर्यादेच्या तुलनेत हा आकडा सावध आहे, पण व्यवहारात उपयुक्त आहे. कारण मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा तवा काही मिनिटांतच ही मर्यादा ओलांडू शकतो. साधारण 350 अंशांच्या वर पॉलिमरचे विघटन वाढते आणि निघणाऱ्या धुराने तापासारखी लक्षणे दिसतात. पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठी हा धूर प्राणघातक ठरतो.

तेव्हा फोडणीसाठी लोखंडी किंवा पोलादी भांडे वापरावे, नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये, त्यावर लाकडी उलथने वापरावे आणि ते तारेच्या घासणीने घासू नये. ‘पीएफओए-मुक्त’ या शिक्क्याचा अर्थ फ्लुओरिनमुक्त असा होत नाही. निर्मितीत ते एक रसायन वापरलेले नाही, एवढाच तो असतो. ‘सिरॅमिक’ म्हणून विकली जाणारी काही भांडी मात्र सिलिकाच्या लेपाची असतात. त्यांत फ्लुओरोपॉलिमर नसतो आणि त्यांचा न चिकटण्याचा गुण सहसा लवकर ओसरतो.

खराब झालेला तवा बहुधा भंगारात जातो. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळते आणि त्या तापमानाला लेपाचे विघटन होऊन विषारी, क्षरणकारी वायू निघतात. लेप आधी वेगळा न करता उघड्या भट्टीत असे भांडे वितळवले गेले, तर तो धूर भट्टीपाशी काम करणाऱ्याच्याच वाट्याला येतो. टिकाऊपणाचा लाभ ग्राहकाला मिळतो आणि विल्हेवाटीचा भार सर्वांत शेवटच्या माणसावर पडतो, हे या उत्पादनसाखळीतील दुर्लक्षित वास्तव आहे.

वापराची कसोटी

फ्लुओरोपॉलिमरला पूर्ण पर्याय सर्वत्र उपलब्ध नाही. रसायनांच्या वाहिन्या, अर्धवाहक निर्मिती, वैद्यकीय उपकरणे आणि दुर्गम ठिकाणचे पूल यांत त्याचा टिकाऊपणा सुरक्षेशी जोडलेला आहे. उलट, जेथे लोखंडी तवा, सिलिकॉन किंवा साधी नियमित सफाई पुरेशी आहे, तेथे न मिटणाऱ्या रसायनाचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही.

इमारत, सौरप्रकल्प किंवा स्मारक यांसाठी असा लेप निवडताना विक्रेत्याकडे चार गोष्टी मागता येतात : लेपाची नेमकी रासायनिक ओळख, धुळीच्या घर्षणानंतरचा संपर्ककोन, स्थानिक हवेत किमान एक पूर्ण वर्ष ठेवलेल्या नमुन्याचा अहवाल आणि आयुष्य संपल्यावर लेप काढण्याची किंवा नष्ट करण्याची पद्धत. यातील पहिल्या तीन गोष्टींवरून लेप किती टिकेल हे कळते. चौथीवरून, तो टिकून राहिल्याची किंमत पुढे कोण मोजणार हे कळते.